पितळेचें तपेलें आणि पेशींतलें तांबें

अलीकडे पितळेला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. ज्या घरांतून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं पितळी भांडीं मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले गेले, त्याच घरांत आतां माळ्यावर उरलेलीं चार भांडीं खालीं उतरवून चिंचेनें घासलीं जात आहेत. तें पाहून आम्हांस आनंदच होतो. परंतु गेल्या दिवाळीच्या सुमारास लातूरास एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं उतरण्याचा योग आला, आणि तेथें अशाच एका तपेल्यावरून जें बोलणें निघालें, तें आमच्या वाचकांच्या कानीं घालावें असें वाटलें.

घर मोठें, चार पिढ्या एकत्र नांदणारें. घरांत आजी, त्यांचे दोन मुलगे, सुना, एक नातसून, आणि सर्वांचें लक्ष जिच्याकडे लागलेलें ती सात महिन्यांची पणती. आजींनीं स्वतःच्या लग्नांतलें तपेलें लख्ख करवून घेतलें होतें, आणि पणतीचें दूध त्यांतच तापवावें असा त्यांचा आग्रह होता. नातसून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकून एम. एस्‌सी. झालेली. ती नम्रपणें, पण ठामपणें म्हणाली, "आजी, तुमचें तपेलें सुरेख आहे. पण ह्याला कल्हई राहिलेली नाहीं. बाळीचें दूध ह्यांत नको."

"अगं, माझीं सगळीं मुलें ह्याच तपेल्यांतल्या दुधावर वाढलीं," आजी म्हणाल्या.

मग थोड्या वेळानें, आपल्याशींच बोलावें तशा, त्या म्हणाल्या, "दोन नाहीं वाढलीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं त्यांच्या थोरल्या चिरंजिवांकडून आम्हांस हकीकत कळली. साठ वर्षांमागची ती गोष्ट. एकापाठोपाठ एक अशीं दोन मुलें दुसऱ्या वर्षांत गेलीं. आधीं चिडचिड, मग पोट फुगलें, हात लावतां यकृत दगडासारखें लागूं लागलें, शेवटीं कावीळ झाली. सोलापुरास नेऊन आणलें, पण गुण आला नाहीं. "लिव्हर झालें" एवढेंच त्या काळीं लोक म्हणत. एका घरांत दुसरें मूल त्याच रोगानें गेलें, कीं रोग वंशांत आहे असें ठरे, आणि बोट बहुधा आईकडे वळे. त्या दोन बालकांचा मृत्यु आम्ही तपेल्यावर लादीत नाहीं. न पाहिलेल्या रोग्याचें निदान साठ वर्षांनीं करणें शहाणपणाचें नव्हे. तथापि त्या लक्षणांचा जो रोग, त्याचें व पितळेचें नातें मात्र आज चांगलें ठाऊक आहे, आणि तें जुळविण्याचें पुष्कळसें काम आपल्या पुण्यांत झालें आहे.

वैद्यकांत ह्या रोगास भारतीय बाल-यकृतकाठिण्य म्हणतात. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतचीं मुलें त्यांत सांपडत, आणि बहुतेक दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे, आणि इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर ह्यांनीं ह्या रोगाचा पाठपुरावा केला. निरोगी मनुष्याच्या वाळविलेल्या यकृतांत दर ग्रॅमास साधारण पन्नास मायक्रोग्रॅमच्या आंत तांबें असतें. ह्या मुलांच्या यकृतांत तें कित्येक पटींनीं अधिक, शेंकड्यांत किंवा हजारांतहि निघे. १९७९ सालीं ही गोष्ट 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. मग प्रश्न उरला, हें तांबें येतें कोठून? त्याचें उत्तर शोधण्यासाठीं ह्या मंडळींनीं केलें काय, तर आयांना विचारलें : मुलाला वरचें दूध केव्हां सुरू केलें? तें कोणत्या भांड्यांत तापवीत होतां? निरोगी मुलांच्या आयांनाहि तेंच विचारून दोहोंची तुलना केली. आजारी मुलांना गाईम्हशीचें दूध फार लवकर सुरू झालेलें होतें, आणि तें पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत ठेवलेलें असे. हा निष्कर्ष १९८३ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें आमच्या भगिनीवर्गास एक शंका येईल. पितळेंत जिन्नस बिघडतो हें का आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतें? नसतें तर कल्हईवाला दारोदार कशाला हिंडला असता! कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेवलें कीं तें कळकतें, आमटी कळकते. जीभ लगेच सांगते, आणि तो पदार्थ टाकून दिला जातो. परंतु दूध कळकत नाहीं. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन पितळेंतून सुटलेलें तांबें स्वतःला चिकटवून घेतें, आणि दूध पांढरेंशुभ्र, गोडच राहतें. घरांतला जो एकमेव परीक्षक, म्हणजे जीभ, तो नेमका येथें फसला. त्यांत पुन्हा तान्ह्या मुलाच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा सांठा मोठ्या माणसाहून अधिक असतो, आणि तें बाहेर टाकण्याची मुख्य वाट जी पित्त, ती अजून पुरती चालूं लागलेली नसते. भरल्या कोठारांत आणखी पोतीं ओतावींत, असा तो प्रकार.

आतां नातसुनेच्या विषयाकडे वळतों. कारण दुसरे दिवशीं तिनें आम्हांस जें दाखविलें, त्यामुळेंच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें.

पुण्याच्या डॉक्टरांनीं तांबें पाहिलें तें यकृताच्या कापलेल्या तुकड्यांत. त्या तुकड्यास ऑर्सीन नांवाचा रंग देत. आपल्या गोड्या मसाल्यांतलें दगडफूल ज्या वर्गांतलें, त्याच वर्गांतल्या वनस्पतींपासून हा रंग मूळ निघाला, ही एक गंमत. रोगी पेशींत त्यानें गडद तपकिरी कण दिसूं लागत. पण रंग देण्यापूर्वीं पेशी मारावी लागे, आणि तो रंगहि खुद्द तांब्याला नव्हे, तर तांब्याभोंवतीं जमलेल्या प्रथिनाला बसे. जिवंत पेशींत तांबें कोठून शिरतें, कोठें थांबतें, कोणत्या दारानें बाहेर पडतें, हें त्या तुकड्यांत कसें दिसावें? स्मशानांतली राख पाहून माणूस कसा चालत होता हें सांगतां येत नाहीं.

जिवंत पेशींत धातु पाहण्याची युक्ति प्रकाशाची आहे. धाकट्या काकांचें औषधांचें दुकान. तेथून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा व थोडें स्पिरिट आणविलें. नातसुनेनें स्पिरिटांत चिमूटभर हळद ढवळली (हळद अर्थातच वसमतकडची; नांदेड-हिंगोलीच्या माणसाला दुसरी चालत नाहीं), गाळून तें पाणी दोन पेल्यांत घातलें, आणि खोलींत काळोख करून दिवा धरला. दोन्ही पेले हिरवट-पिवळ्या प्रकाशानें उजळून निघाले. पोरें ओरडलीं, आजीहि खुर्ची पुढें ओढून बसल्या. डोळ्यांना न दिसणारे किरण घेऊन दिसणारा प्रकाश परत देण्याच्या ह्या गुणास प्रतिदीप्ति म्हणतात. केंब्रिजच्या स्टोक्स ह्यांनीं १८५२ सालीं कोयनेलीच्या द्रावणांत हाच चमत्कार पाहून त्याची मीमांसा केली व त्यास इंग्रजी नांव दिलें.

मग तिनें एका पेल्यांत मोरचुदाच्या पाण्याचे थेंब टाकले, आणि दुसऱ्यांत तितकेच थेंब नुसत्या पाण्याचे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. (मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हातीं देऊं नये, व पेले मागून स्वयंपाकघरांत जाऊं देऊं नयेत.) मोरचुदाच्या पेल्यांतला प्रकाश स्पष्टपणें मंदावला, दुसऱ्यांत तो थोडासाच उतरला. "दुसरा पेला कशाला, गं?" आजींनीं विचारलें. ती म्हणाली, "पाण्यानेंहि प्रकाश थोडा उतरतो, आजी. तांब्याचा दोष किती आणि पाण्याचा किती, हें नको का कळायला?" आम्हांस तिचा पहिला पेला आवडला, पण दुसऱ्याचें अधिक कौतुक वाटलें.

धातु ओळखण्यासाठीं प्रतिदीप्तीचा उपयोग नवा नाहीं. फणसाच्या कुळांतील एका झाडाच्या लांकडांतून मोरिन नांवाचें रंगद्रव्य निघतें. त्याला ॲल्युमिनिअमचे आयन भेटले कीं तें हिरवें चमकूं लागतें, हें गॉपेल्सरोडर ह्या रसायनज्ञानें १८६७ सालींच दाखविलें होतें. परंतु कांचेच्या नळींत ओळखणें निराळें आणि जिवंत पेशींत ओळखणें निराळें. पेशीचें आवरण तेलकट असतें. धातु पकडणाऱ्या रेणूंवर बहुधा विद्युद्भार असतो, त्यामुळें आवरण त्यांना आंत घेत नाहीं. आणि टोंचून घालावें तर पेशीच दुखावते.

ही अडचण रॉजर त्सियेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें सोडविली. त्याचा धातु होता कॅल्शिअम. स्नायूचें आकुंचन, मज्जातंतूचा संदेश, अंड्याचें फलन ह्या सर्वांत कॅल्शिअमची लाट उसळते. विसांवलेल्या पेशींत मात्र तो बाहेरच्या मानानें सुमारें दहाहजारांश असतो. १९८० सालीं त्सियेननें कॅल्शिअमला नेमकें धरणारी रेणूची नांगी तयार केली. १९८१ सालीं त्यानें त्या रेणूच्या भारित टोंकांवर एस्टरची शाल पांघरली. शाल पांघरलेला रेणु आवरणांतून सहज आंत शिरतो. आंत गेल्यावर पेशीचीं स्वतःचीं पाचकद्रव्यें ती शाल फाडून टाकतात, आणि उघडा पडलेला रेणु आंतच अडकतो. चक्रव्यूहांत शिरलेल्या अभिमन्यूचीच गत! १९८५ सालीं त्याच्या प्रयोगशाळेंतून फुरा-२ हें द्रव्य बाहेर पडलें. त्यावर ३४० व ३८० नॅनोमीटरचे असे दोन प्रकारचे किरण आळीपाळीनें पाडतात. कॅल्शिअम धरलेला रेणु एका किरणाला अधिक प्रतिसाद देतो, मोकळा रेणु दुसऱ्याला. ह्या दोहोंचें गुणोत्तर घेतलें म्हणजे पेशींत द्रव्य किती शिरलें, कमी कीं जास्त, ह्याची फिकीर उरत नाहीं. आमच्या मतें साऱ्या विषयांतली ही सर्वांत सुंदर कल्पना होय. त्सियेनला पुढें २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें दुसऱ्या कामासाठीं, जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनासाठीं. तो २०१६ सालीं वारला.

तांब्याचें काम ह्याहून पुष्कळच अवघड. एक तर, हळदीच्या पेल्यांत आपण पाहिलेंच, तांब्याचा आयन जवळ आला कीं प्रकाश बहुधा विझतो. काळोख पाहून तांबें आहे म्हणणें म्हणजे दिवा गेला म्हणून चोर आला असें म्हणण्यासारखें. दिवा दुसऱ्या शंभर कारणांनीं जाऊं शकतो. म्हणून तांबें भेटल्यावर उजळणारें द्रव्य हवें. दुसरें, पेशी तांब्याला कधीं मोकळें सोडतच नाहीं. यीस्टच्या पेशींवरील प्रयोगांवरून १९९९ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, संबंध पेशींत मोकळा असा तांब्याचा एक आयनहि सरासरीनें सांपडत नाहीं. प्रत्येक आयन कोणा तरी प्रथिनाच्या कडेवर असतो; एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, जसें घरांतलें तान्हें मूल. शोधक द्रव्याला दिसतें तें ह्यांपैकीं सैलपणें धरलेलें तांबें. पेशींतलें एकूण तांबें निराळें, आणि सैल तांबें निराळें. वर्तमानपत्रांतून ह्या विषयावर जें लिहून येतें, त्यांत हा भेद सर्रास बुजविला जातो.

२००६ सालीं कॅलिफोर्नियांतील ख्रिस्तोफर चँग ह्यांच्या प्रयोगशाळेनें जिवंत पेशींतल्या तांब्यासाठीं असें एक उजळणारें द्रव्य प्रसिद्ध केलें. पेशींत तांबें बहुतांशीं ज्या एकभारी रूपांत असतें, तेंच धरण्यासाठीं त्याला गंधकयुक्त नांगी दिलेली होती. तांबें धरलें कीं त्याचा प्रकाश सुमारें दसपट वाढे. पुष्कळ वाहवा झाली. पण २०१२ सालीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं मेंदूंतील पेशींवर तें वापरून पाहिलें आणि तक्रार केली : हा रंग पेशीच्या लायसोसोम नांवाच्या पिशव्यांत जाऊन बसतो, म्हणून त्याच्या प्रकाशावरून तांबें नेमकें कोठें आहे हें सांगणें धोक्याचें आहे. आमच्या वाचकांस ह्याचें नवल वाटूं नये. हळदीवर चुना पडला कीं ती तांबडी होते. त्यावरून कोणी म्हणेल, हळद चुन्यांतला कॅल्शिअम ओळखते. पण हळदीचा डाग साबणानेंहि तांबडा होतो! हळद ओळखते ती अल्कता. कॅल्शिअमशीं तिला कर्तव्य नाहीं. साक्षीदार खरें बोलत असतो. आपण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

ह्यावर रसायनज्ञांनीं जो तोडगा काढला, तो नातसुनेच्या दुसऱ्या पेल्याचाच थोरला भाऊ म्हणावा. प्रत्येक शोधक द्रव्याचा एक जुळा बनवावयाचा : तसाच रंग, तशीच ठेवण, पेशींत तसाच वावर, मात्र नांगी अशी बदललेली कीं तांबें धरतां येऊं नये. दोघांनाहि निरनिराळ्या पेशींत सोडावें. जुळाहि तितकाच उजळला, तर तो प्रकाश तांब्याचा नव्हे. चँग ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालींच अवरक्त प्रकाशाच्या जवळपास चमकणारें एक द्रव्य विल्सनच्या रोगाच्या उंदरांवर वापरलें. ह्या रोगांत यकृतांतून तांबें बाहेर काढणारें प्रथिन जन्मतःच बिघडलेलें असतें. जिवंत उंदरांत यकृताच्या ठिकाणीं अधिक प्रकाश दिसला, आणि तांबें ओढून घेणारें औषध दिल्यावर तो कमी झाला. यकृत न कापतां त्यांतलें तांबें वाढतांना व उतरतांना पाहिलें गेलें! मनुष्याच्या निदानासाठीं मात्र आजहि रक्त, लघवी, आणि जरूर पडल्यास यकृताचा तुकडा ह्यांवरच भिस्त आहे. हीं द्रव्यें अद्याप प्रयोगशाळेंतलींच.

इतकें सांगून झाल्यावर थोरल्या चिरंजिवांनीं अगदीं व्यवहारी प्रश्न केला : मग त्या मुलांना वाचविलें कोणी, ह्या प्रकाशानें का? नाहीं. त्यांना वाचविलें तें आयांना विचारलेल्या साध्या प्रश्नानें, तांबें बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामिन ह्या औषधानें, जेथें रोग लवकर ओळखला गेला तेथें, आणि सर्वांत अधिक स्टीलच्या भांड्यांनीं. पितळ मागें पडलें आणि तो रोगहि जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांताचीहि कथा अशीच. १९०० ते १९७४ ह्या काळांत तेथें १३८ बालकें अशाच यकृतरोगानें गेलीं. तेथेंहि गाईचें दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत शिजवीत असत, आणि भांडीं बदलल्यावर रोग थांबला. पण तेथल्या वंशावळी तपासतां आनुवंशिक दुर्बलताहि असावी असें दिसलें. एकाच भांड्यांतलें दूध प्यालेलीं सगळींच भावंडें आजारी पडत नसत, त्याचें कारण कदाचित् हेंच. कोणाची पेशी तांबें बाहेर टाकूं शकते आणि कोणाची नाहीं, हें जिवंत पेशींतच पाहावें लागेल, आणि तेथें ह्या चमकत्या द्रव्यांचा खरा उपयोग आहे.

हें ऐकून आजींनीं एवढेंच विचारलें, "म्हणजे माझी चूक नव्हती म्हणायची?"

नातसून त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आजी, डॉक्टरांनाच तें तुमच्यानंतर वीस वर्षांनीं कळलें. तुम्हांला कोण सांगणार होतें?"

आतां उरलें तपेलें. मोठ्या माणसांचें पाणी पितळी वा तांब्याच्या भांड्यांत ठेवण्यास हरकत नाहीं; ताक, चिंचगुळाची आमटी, लोणचें वगैरे आंबट जिन्नस कल्हईवांचून त्यांत ठेवूं नयेत; आणि तान्ह्या मुलाचें दूध तर त्यांत तापवूंहि नये, ठेवूंहि नये. बाजारांत हल्लीं शोभेचीं म्हणून जीं पितळी भांडीं विकतात, त्यांना आंतून कल्हई आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. आम्ही व धाकटे काका कल्हईवाला शोधण्यासाठीं दोन दिवस लातूरचा बाजार हिंडलों. ज्याला त्याला विचारलें. जो तो म्हणे, पूर्वीं येत असे. कथील व नवसागर दुकानांत मिळालें, पण हात मिळाला नाहीं. निघण्याच्या दिवशीं सकाळीं पाहिलें तों पणतीचें दूध स्टीलच्या पातेल्यांत तापत होतें, आणि शेजारच्या शेगडीवर आजींच्या तपेल्यांत तिच्या न्हाणाचें पाणी.